घरच्या वाइनचा संच: घालण्याचं सगळं दिलंय, ठेवण्याचं काहीच नाही

ऑगस्ट 2023 मध्ये हा संच घेतला, तेव्हा 38 पौंड मोजले होते. त्यानंतरच्या दोन वर्षांत याच भांड्यांत सात वेळा वाइन घातली. प्लम दोनदा, ब्लॅकबेरी दोनदा, ऱ्हुबार्ब (आंबट देठांची भाजी), एल्डरफ्लॉवर (एल्डर झाडाची फुलं) आणि सफरचंद एकेकदा. पहिल्या महिन्यातच मत लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. आज साडेतीन देते. वरचा दीड तारा कुठं गेला, ते नीट सांगायचं आहे, कारण त्यातला एक भाग दुखापतीपर्यंत जाऊ शकला असता.

आम्ही इंग्लंडमध्ये वूस्टरला राहतो. नगरपालिकेकडून भाड्यानं मिळालेला भाजीपाल्याचा तुकडा आहे, इथं त्याला अलॉटमेंट म्हणतात. जुन्या मापानं दहा रॉड, म्हणजे साधारण 250 चौरस मीटर, आपले अडीच गुंठे. मी तासगाव तालुक्यातली. आबांची चार एकर द्राक्षबाग, त्यामुळं अडीच गुंठ्यांत काय पिकणार असं सुरुवातीला वाटायचं. पण आधीच्या माणसानं लावलेलं एक पर्शोर प्लमचं झाड आहे. हा पिवळा, अंड्याच्या आकाराचा प्लम इथून पंधरा किलोमीटरवरच्या पर्शोर गावचा. ऑगस्टच्या शेवटी दहा दिवसांत तीस किलो फळ खाली येतं, आणि सगळं एकदमच पिकतं. त्या वर्षी जॅमच्या बावीस बरण्या झाल्या, फ्रीजर भरला, शेजारी वाटून झालं, तरी दोन टोपल्या उरल्या. आपल्या तुकड्यात आलेलं काही टाकायचं नाही आणि तिथं होऊ शकतं ते दुकानातून आणायचं नाही, असं आम्ही नवराबायकोनं ठरवलं होतं. शनिवारी रात्री जेवताना एक-एक ग्लास वाइन आम्ही घेतो. ती विकत का आणायची? शिवाय फ्रीजरला बारा महिने वीज लागते. बूच मारलेल्या बाटलीला अंधार सोडून काही लागत नाही.

कायद्याचं आधीच सांगून टाकते. ब्रिटनमध्ये घरी पिण्यापुरती वाइन किंवा बिअर करायला परवाना लागत नाही. बिअरसाठी 1880 पासून लागायचा, तो 1963 साली रेजिनाल्ड मॉडलिंग अर्थमंत्री असताना रद्द झाला. विकायची असेल तर मात्र परवाना आणि कर दोन्ही आले. आणि भट्टी लावून दारू गाळणं परवान्याशिवाय इथंही गुन्हाच आहे. महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी तर हा संच मागवूच नये, तिथं 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी काहीही करता येत नाही. मी फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आबांनी हेच विचारलं. "काय गं, दारू गाळतीस काय तिकडं?" म्हटलं, "गाळत नाही आबा, आंबवते." हा फरक त्यांना लगेच कळला. चूल नाही, नळी नाही, वाफ नाही. फळ, साखर, पाणी, यीस्ट आणि वेळ, एवढंच.

खोक्यात काय येतं: साडेचार लिटरचा डेमीजॉन (अरुंद मानेची मोठी काचेची बाटली), झाकणाची दहा लिटरची पांढरी बादली, भोकाचं रबरी बूच आणि त्यात बसणारा एअरलॉक, रसातली साखर मोजायचा हायड्रोमीटर आणि त्याची उभी नळी, सायफनची रबरी नळी, यीस्टचं पाकीट, कॅम्पडेन गोळ्यांची पट्टी, वाइन निवळवणाऱ्या पेक्टोलेजची पुडी, सहा बुचं, बूच ठोकायचं प्लॅस्टिकचं साधं यंत्र आणि चार पानांचं माहितीपत्रक.

डेमीजॉन उत्तम आहे. जाड काच, मानेला दोन लहान कान, तळ सपाट. ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला, कुठं बुडबुडा नाही की चीर नाही. दोन वर्षांत कढत नाही पण चांगल्या कोमट पाण्यानं कितीतरी वेळा धुतला, काही झालं नाही. बादलीही चांगली, खाण्याच्या पदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकची आहे, तसं चिन्ह तळाला आहे. हे मी मुद्दाम बघितलं. कारण घरातलं मोठं भांडं म्हणून आपला हात पितळेच्या पातेल्याकडं जातो आणि आंबट फळ त्यात कळकतं. ताक पितळेत का ठेवत नाहीत हे आईनं सांगितलेलं कारण इथंही तेच. तांबं, पितळ, लोखंड यांच्या जवळ हा रस नेऊ नये. काच, स्टील नाहीतर असली बादली. जुन्या चिनीमातीच्या बरणीचाही मोह मला झाला होता, पण जुन्या लुकणात शिसं असू शकतं आणि आंबट रसात ते उतरतं, म्हणून बरणी लोणच्यालाही न वापरता शोभेला ठेवलीय.

एअरलॉकबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळा खेळ त्या दोन पौंडांच्या नळीवर आहे. इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली प्लॅस्टिकची नळी, मधे दोन फुगे, त्यात अर्ध्यापर्यंत पाणी. आत यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो. तो वायू पाण्यातून बुडबुडा होऊन बाहेर जातो, बाहेरची हवा मात्र आत येत नाही. पहिल्या आठवड्यात सेकंदाला एक बुडबुडा पडायचा. रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवला की टुप, टुप, टुप असा आवाज वरच्या खोलीत ऐकू यायचा. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता, तो झोपताना बुडबुडे मोजायचा. हळूहळू अंतर वाढत जातं. दहा सेकंदांनी एक, मग मिनिटाला एक.

कृती मी माहितीपत्रकातलीच धरली, थोडी बदलून. दोन किलो प्लम बिया काढून कुस्करले, एक किलो साखर, सगळं मिळून साडेचार लिटरच्या थोडं वर होईल इतकं पाणी, एका लिंबाचा रस आणि कपभर कडक कोरा चहा. चहा कशाला, असं मलाही वाटलं होतं. द्राक्षाच्या सालीत आणि बीत जो तुरटपणा असतो तो या फळांत कमी पडतो, तो चहातून मिळतो. पेक्टोलेज टाकलं नाही तर प्लमची वाइन कधीच निवळत नाही, जॅम जिच्यामुळं घट्ट होतो त्या पेक्टिनची धूसर छटा राहते. कॅम्पडेनची एक गोळी चुरून टाकायची आणि चोवीस तास थांबून मगच यीस्ट घालायचं.

ती गोळी चुरली आणि मी एकदम तासगावात पोचले. बेदाण्याच्या शेडात सोनेरी रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात, त्याचा तो नाकात जाणारा वास. तोच. गोळीत सल्फाइट असतं, रसातले रानटी जंतू ते आटोक्यात ठेवतं आणि हवेनं रंग काळवंडू देत नाही. या गोळीचं नाव ज्या चिपिंग कॅम्पडेन गावावरून पडलं ते आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. 1920 च्या दशकात तिथल्या फळं टिकवण्याच्या संशोधन केंद्रात हे द्रावण तयार झालं. दम्याच्या माणसाला सल्फाइट बाधू शकतं, म्हणून ही वाइन कुणाला देताना मी विचारूनच देते. माहितीपत्रकात यातलं अक्षरही नाही.

आता हायड्रोमीटर.

काचेची पेन्सिल म्हणा, खाली वजन, वर बारीक दांडी आणि दांडीच्या आत गुंडाळलेला कागदाचा मापपट्टा. साध्या पाण्यात 1.000 वर तरंगतो. रसात साखर जास्त असेल तेवढा वर येतो आणि आकडा मोठा दिसतो. यीस्ट साखर खात जाईल तसा तो खाली बुडत जातो. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळं सगळी साखर संपली की 1.000 च्याही खाली, 0.994 च्या आसपास जातो. सुरुवातीचा आकडा वजा शेवटचा आकडा, गुणिले 131, एवढ्या हिशेबात किती टक्के अल्कोहोल झालं ते कळतं.

माझा पहिला आकडा 1.086 आला. 28 ऑगस्टला यीस्ट घातलं. पाच दिवस बादलीत, रोज सकाळ-संध्याकाळ लाकडी पळीनं वर आलेला चोथा खाली दाबत होते. मग आबांच्या जुन्या पंच्यातून गाळून डेमीजॉनमध्ये भरलं. पहिल्या आठवड्यानंतर डेमीजॉन स्वयंपाकघरातून अलॉटमेंटवरच्या शेडमध्ये नेऊन ठेवला, कारण घरात जागा नव्हती. ऑक्टोबरात शेडमध्ये थंडी उतरली. बुडबुडे थांबले. 20 ऑक्टोबरला माप घेतलं तर 0.998. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय, आकडा 1.000 च्या खाली आला की वाइन तयार, बाटल्या भरा. मी भरल्या. पाच बाटल्या झाल्या, बुचं ठोकली आणि बॉयलरशेजारच्या कपाटात आडव्या ठेवल्या.

नवव्या रात्री दीड वाजता खालून आवाज झाला. फटाक्यासारखा, मग लगेच दुसरा. आम्ही दोघं धावत खाली आलो. दोन बुचं उडाली होती, कपाटाच्या दारावर प्लमचे ओघळ, आणि तिसऱ्या बाटलीचा तळ तडकून वेगळा झाला होता. काचेची एक चीप शाळेच्या बुटात पडलेली सापडली. ते बूट मुलाचे होते. सकाळी आठ वाजता तो त्याच कपाटात हात घालून बूट काढायचा. हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

उरलेल्या दोन बाटल्या जाड टॉवेलात गुंडाळून, डोळ्यांवर चष्मा लावून नवऱ्यानं बाहेर थंडीत नेल्या आणि पहाटे हलकेच बुचं काढली. फेस झाडाच्या बुंध्यापर्यंत गेला.

काय झालं ते शोधायला दोन दिवस लागले. शेजारच्या तुकड्यावर ऐंशीच्या घरातले एक आजोबा आहेत. त्यांच्या आईनं 1953 साली साखरेचं रेशन उठलं त्याच हिवाळ्यात पार्सनिपची (पांढऱ्या गाजरासारख्या कंदाची) वाइन घातली होती, तेव्हापासून त्यांच्या घरात ती होतेच. ते म्हणाले, हायड्रोमीटर आण आणि नळाच्या पाण्यात सोड. पाणी वीस अंशांचं घेतलं, कारण मापपट्टा त्या तापमानासाठी बनवलेला असतो. आकडा यायला हवा होता 1.000. आला 0.994. त्यांचा हायड्रोमीटर त्याच पाण्यात बरोबर 1.000 दाखवत होता. माझा डोळ्यांसमोर धरून उजेडात फिरवला तेव्हा दिसलं की दांडीच्या आतला कागद डिंक सुटून खाली घसरला आहे. जरासाच, पण त्या जराशात सहा अंक गेले.

म्हणजे 0.998 दिसत होतं तेव्हा खरं होतं 1.004. साखर बाकी होती. यीस्ट मेलं नव्हतं, थंडीनं झोपलं होतं. या संचातलं यीस्ट ईसी-1118 जातीचं आहे, मूळ फ्रान्सच्या शॅम्पेन भागातलं, दहा अंशांपासून तीसपर्यंत काम करणारं आणि अठरा टक्के अल्कोहोलपर्यंत तग धरणारं. शेड दहाच्या खाली गेली तेव्हा ते थांबलं आणि बॉयलरच्या उबेत परत जागं झालं. 1.004 पासून 0.994 पर्यंत यायला लिटरमागं पंचवीसेक ग्रॅम साखर लागते. एक ग्रॅम साखरेतून जवळपास अर्धा ग्रॅम वायू निघतो. इतका वायू साध्या वाइनच्या बाटलीत मावत नाही. शॅम्पेनच्या बाटलीची काच एवढी जड असते ती याचसाठी.

दुकानाला फोटो पाठवले. त्यांनी माफी मागितली, चार दिवसांत नवा हायड्रोमीटर आला, टपालखर्चही घेतला नाही. तेवढ्यापुरती त्यांची वागणूक चांगली होती. कागद घसरणं हा दोष कुणाच्याही मालात येऊ शकतो, मी तो धरून बसत नाही. पण माहितीपत्रकातलं ते वाक्य चुकीचं आहे आणि धोक्याचं आहे. एका आकड्यावरून बाटली भरायची नसते. उबदार जागेत आठवडाभर ठेवून तीन-चार दिवसांच्या अंतरानं तीनदा माप घ्यायचं आणि तिन्ही वेळा तोच आकडा आला तरच भरायची. हायड्रोमीटर चुकीचा असला तरी ही रीत वाचवते, कारण चुकीचा पट्टाही हलणारा आकडा हलतानाच दाखवतो. हे मी त्यांना लिहून कळवलं. दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात मैत्रिणीनं तोच संच घेतला, माहितीपत्रक तेच आहे, वाक्य तेच आहे. एक तारा मी या वाक्यासाठी कापला.

सायफनची नळी ठीकठाक. तिला चाप दिलेला नाही, तो दीड पौंडाला वेगळा घ्या, नाहीतर एक हात कायम नळीच्या टोकावर अडकतो. बूच ठोकायचं यंत्र मनगटाला त्रास देतं. मी नंतर जुन्या बाजारातून दोन दांड्यांचं घेतलं आणि झाकणवाल्या बाटल्याही जमवल्या.

पण खरी उणीव पुढं आहे, उरलेला अर्धा तारा त्यात गेला. हा संच वाइन घालायला शिकवतो, ठेवायला शिकवत नाही. आणि ज्याला वर्षभराची बेगमी करायची आहे त्याचं काम घालण्यानं संपत नाही, तिथून सुरू होतं. घालायला लागतात दोन महिने. ठेवायची असते वर्षभर, कधी दोन वर्षं.

सगळ्यात आधी गाळ. फसफस थांबली की तळाशी बोटभर साका बसतो, मेलेलं यीस्ट आणि फळाचा गर. वाइन त्यावर तशीच ठेवली तर काही महिन्यांनी तिला शिळ्या पावासारखा, मग कुजका वास यायला लागतो. म्हणून वरची निवळ अलगद दुसऱ्या डेमीजॉनमध्ये ओढून घ्यायची. पहिल्यांदा तीन आठवड्यांनी, मग दोन-दोन महिन्यांनी. आता बघा, संचात डेमीजॉन आहे एकच. दुसऱ्यात ओढायचं तर दुसरा आणायचा कुठून? माहितीपत्रक म्हणतं, बादलीत ओढा, डेमीजॉन धुवा आणि परत त्यात भरा. म्हणजे वाइनला दोनदा हवा लागली. पहिल्या वर्षीच्या ब्लॅकबेरीचा जांभळा रंग असाच तपकिरीकडं गेला आणि चवीला सुकलेल्या सफरचंदासारखी झाली. दुसरा डेमीजॉन खोक्यात घालून किंमत आठ-दहा पौंडांनी वाढवली असती तरी मी आनंदानं दिली असती.

दुसरं, रिकामी जागा. गाळ काढला की पातळी खाली येते. मान रुंदावते तिथं वाइन असेल तर वर तळहाताएवढी हवा राहते, आणि ती हवा महिनोन् महिने काम करत बसते. डेमीजॉन मानेत, बुचाखाली दोन बोटांपर्यंत भरलेला हवा. पाणी घालून भरावं तर वाइन पातळ होते. विकतची घालावी तर मग घरचं काय राहिलं? आजोबांनी उपाय सांगितला, काचेच्या गोट्या. मुलाच्या डब्यातल्या गोट्या साबणानं धुतल्या, सल्फाइटच्या पाण्यात अर्धा तास ठेवल्या, डेमीजॉन तिरका धरला आणि एकेक करून मानेतून घरंगळू दिल्या. उभ्या डेमीजॉनमध्ये टाकायच्या नाहीत, तळ फुटेल. साठ गोट्यांनंतर पातळी हळूहळू मानेत चढली. आतून रंग चढलेल्या त्या गोट्या दिव्यासमोर करवंदांसारख्या दिसतात.

तिसरं, उजेड. काच पारदर्शक आहे, त्यामुळं लाल वाइनचा रंग उडतो. तपकिरी कागद गुंडाळा, जुन्या स्वेटरची बाही चढवा, काहीही करा. मी स्वेटरची बाही वापरते.

चौथी गोष्ट कुणीच सांगत नाही. एअरलॉकमधलं पाणी उडून जातं. 2024 च्या ब्लॅकबेरीवर मी सगळं नीट केलं होतं. दुसरा डेमीजॉन होता, काठोकाठ भरलेला होता, अंधार होता. डिसेंबरात भावाच्या मुलीच्या लग्नाला तासगावला गेलो, पाच आठवडे राहिलो. घरात नळ गोठू नयेत म्हणून हीटिंग मंद चालू ठेवलं होतं. परत आलो तर एअरलॉक कोरडा ठणठणीत. बूच काढलं आणि वास आला, नखांचं पॉलिश काढायच्या द्रावणाचा. वर पातळ साय. हवा आत गेली, हवेबरोबर सिरक्याचे जंतू गेले. ती वाइन परत येत नाही, कितीही गोळ्या घाला. पूर्ण आंबू दिली, आता ब्लॅकबेरीचा सिरका म्हणून वापरते, कांद्याच्या लोणच्यात छान लागतो. पण सप्टेंबरात काट्यांतून हात सोलवटून वेचलेल्या दोन किलो ब्लॅकबेरी होत्या त्या. तेव्हापासून एअरलॉकच्या पाण्यात ग्लिसरिनचे थेंब घालते, पाणी सावकाश उडतं. दर महिन्याच्या एक तारखेला बघायचं, असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. फसफस नक्की संपली असेल आणि बरेच महिने ठेवायची असेल तर सरळ बाटल्या भराव्यात, हे उत्तम.

बाटल्या ठेवायची जागा आमच्याकडं जिन्याखाली आहे. तिथं हिवाळ्यात अकरा, उन्हाळ्यात सोळा अंश असतं. जागा थंड असली पाहिजे आणि तापमान फार वर-खाली होता कामा नये. बूच असेल तर बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहून फुगलेलं राहतं. फिरकीचं झाकण असेल तर उभी चालते. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: फळ, घातल्याची तारीख, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, बाटली भरल्याची तारीख. ऱ्हुबार्ब सहा महिन्यांत पिण्याजोगी होते. सफरचंदालाही फार थांबावं लागत नाही. ब्लॅकबेरी आणि प्लमला वर्ष द्यावं. मुरलेलं लोणचं आणि कालचं लोणचं यांत जो फरक, तोच. पहिल्या दोन महिन्यांत जीभ आवळून धरणारी वाइन वर्षानं उघडली की तिच्यात धार राहत नाही, फळ राहतं.

तर संच घ्यावा का? ब्रिटनमध्ये राहता, फळ आपलं आहे, वर्षभर थांबायची तयारी आहे, तर घ्यावा. सुटी भांडी जमवायला गेलात तर एवढ्यात मिळणार नाहीत आणि काच खरंच चांगली आहे. पण 38 पौंड हा आकडा पूर्ण धरू नका. दुसरा डेमीजॉन, चाप, भोक नसलेलं एक बूच आणि वेगळ्या दुकानातून एक जादा हायड्रोमीटर, असे वीस पौंड बाजूला काढा. दोन हायड्रोमीटर असले की एक दुसऱ्याची साक्ष देतो. माहितीपत्रकातलं बाटल्या भरण्याचं पान फाडून टाका.

या जूनमध्ये आबा आले होते. ते घेत नाहीत, घेणारही नाहीत. पण जिन्याखाली वाकून त्यांनी 2024 च्या ऱ्हुबार्बची बाटली काढली, खिडकीशी नेली आणि बेदाण्याची मूठ पारखतात तशी तिरकी करून बराच वेळ बघितली. "निवळ झालीया," म्हणाले. मग विचारलं, "साका किती बसला?" बोटानं दाखवला. येताना त्यांनी घरचा अर्धा किलो बेदाणा आणला होता. इथल्या जुन्या कृतींत प्लमच्या वाइनला अंग यावं म्हणून बेदाणे घालतात हे मी त्यांना फोनवर बोलले होते, ते त्यांनी लक्षात ठेवलं. गंधक आणि द्राक्षं बुडवताना लागलेलं तेल निघावं म्हणून बेदाणा गरम पाण्यात दोनदा धुतला, चिरला आणि पाव किलो यंदाच्या प्लममध्ये घातला. तेवढ्यासाठी साखर दीडशे ग्रॅम कमी केली.

तो डेमीजॉन आता स्वयंपाकघरात आहे, शेडमध्ये नाही. बुडबुडा मिनिटाला एक पडतोय. दिवाळीच्या शनिवारी गाळ काढायचा आहे, आणि त्याआधी दोन्ही हायड्रोमीटर वीस अंशांच्या पाण्यात.